वादळानंतर लोणी

हं हं, हात लावू नका! लांबूनच बघा. पानं सुटी आहेत माझी. एक जरी टेबलाखाली गेलं, तर पुन्हा कुणाच्या तरी घरात अबोला सुरू व्हायचा, आणि या वयात मला ते पाप नको.

बसा त्या स्टुलावर. खळ सांडलेली नाही ना, तेवढं बघून घ्या. तर मी एक कादंबरी बोलतेय. समुद्रावरची, साहसाची, आणि लोक म्हणतात म्हणून अभिजातसुद्धा. नाव विचारू नका. पाठीवरची सोनेरी अक्षरं वाचकांच्या बोटांना लागून केव्हाच गेली. ग्रंथालयात सगळे मला 'ती समुद्रवाली' म्हणतात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

गंमत म्हणजे मी समुद्र कधी पाहिलेला नाही. ज्या गावात आयुष्य काढलं, तिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पोहायचा तलाव. तरी माझ्या पोटात वादळं आहेत, उपाशी खलाशी आहेत, फाटलेली शिडं आहेत, आणि एक हट्टी कप्तान आहे. त्याला नाव नाही. खलाशी त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणतात.

माझा प्रकाशक मोठा शिस्तीचा माणूस. त्याच्या मालेतली सगळी पुस्तकं एकाच उंचीची, एकाच जाडीची, एकाच टाइपातली. का? तर कपाटात रांग बरी दिसते! लेखकाची गोष्ट लांबली तर कापायची, आखडली तर ताणायची. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापायची चैनही त्याने केली नाही, शाई वाया जाते म्हणे. त्यामुळे मी आणि कपाटातली माझी शेजारीण, आम्ही दोघी एका मापाच्या. पोटात मात्र जमीनअस्मानाचा फरक. तिच्यात एक म्हातारा आणि त्याची थोरली बहीण एका घरात राहतात, टोमॅटोला पाणी घालतात आणि दिवसभर चष्मा शोधतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुसरं काही म्हणजे काही घडत नाही. आणि तरी ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बाहेर जायची. जळायचे हो मी, लपवायचं कशाला?

माझ्याबद्दल मात्र दोन वाचकांचं कधी एकमत झालं नाही. गणिताचे मास्तर म्हणाले, "कादंबरी उत्तम, पण या वेगाने जहाज निघायच्या आधीच पोहोचलं असतं." नव्याने लग्न झालेली एक मुलगी मला आपटतच परत घेऊन आली. "एवढे पुरुष आणि एकही बाई नाही? मग यांचे कपडे धुतं कोण?" विमा एजंटाला सगळ्या कथेत एकच गोष्ट दिसली, जहाजाचा विमा नव्हता. एका गृहस्थांना दुसऱ्याच प्रकरणात मळमळायला लागलं. आणि एकाने मला महिनाभर खिडकीच्या फटीत अडकवून ठेवलं, वर परत देताना म्हणाला, "भक्कम पुस्तक आहे!" आता याला टीका म्हणायचं की स्तुती, तुम्हीच ठरवा.

ही मतं द्यायची कुणाला? तर आमच्या ग्रंथपालबाईंना. पुस्तक परत करताना ते कसं वाटलं ते सांगायचं, हा त्यांचा दंडक. पण त्याला जोडून दुसरा नियम होता आणि तो भिंतीवर पाटी करून लावलेला होता: 'शेवट सांगणाऱ्याने कपाट पुसावे.' नुसती धमकी नव्हे बरं का. एकदा नगराध्यक्षांनी एका रहस्यकथेतला खुनी सांगून टाकला आणि बाईंनी त्यांच्या हातात फडकं दिलं. तेव्हापासून गावात शेवटाबद्दल कुणी ब्र काढत नसे. 'शेवट फार छान', 'शेवट चटका लावतो', एवढंच. छान म्हणजे काय, चटका कशाचा, सगळी तेरी भी चुप, मेरी भी चुप.

या नियमानेच घात केला.

आमच्या गावचे दातांचे डॉक्टर मला पहिल्यांदा घरी घेऊन गेले ते चांगले आठवतात. आडवे पडून, मला पाठीमागे दुमडून वाचायचे. माझी पाठ कटकन मोडली ती त्यांच्याच हातात. पण मी त्यांना माफ केलं, कारण माझा शेवट वाचताना हा धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडला. दुसऱ्यांदा वाचला, पुन्हा रडला. तिसऱ्यांदा तर त्यांना तो पाठच झाला.

ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर त्यांचा मेहुणा बसलेला असायचा. बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक. सडाफटिंग, दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. आईबाप लवकर गेले, याला वाढवला तो ताईने. अजूनही रात्रीचं जेवण ताईकडेच. संध्याकाळी मेहुणे-मेहुणे बाकावर बसून सगळ्या गावाची उणीदुणी काढायचे आणि मग एकत्र घरी जायचे.

"बाइंडिंगहून आली की आधी तू ने," डॉक्टर त्याला म्हणाले. "शेवट सांगत नाही. पण रुमाल जवळ ठेव."

मग मी इथे आले, याच टेबलावर. शेजारीणही माझ्याबरोबर होती, तिच्यावर कुणीतरी गरम पातेलं ठेवलं होतं. बाइंडर अगदी नाकासमोर चालणारा माणूस. त्याच्या उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "बाइंडरने वाचायचं नाही. वाचत बसलास की खळ वाळते. आकडा बघायचा, अक्षर बघायचं नाही." त्याने आम्हा दोघींचे जुने दोरे कापले आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे वेगळे करून दोन थप्प्या लावल्या. शेवटचे दोन फर्मे काय ते राहिले होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अहो, सायकल काढा, गाडी जात नाही!" तो दोन्ही फर्मे एकावर एक ठेवून गेला. परत आला, वरचा उचलला. आकडा बघितला, जुळला. खालचा उचलला. आकडा बघितला, जुळला. एकाच मापाच्या ना आम्ही! मी ओरडले हो, 'अरे बाबा, तो माझा नव्हे!' पण पुस्तक ओरडलं तर ऐकणार कोण? दाभण घेतलं आणि शिवून टाकलं.

झालं काय, ऐका. त्या फर्म्याच्या आधीच्या माझ्या पानावर जहाज बुडतंय. खलाशी होडीत बसलेत, पण होडी जहाजाला दोराने बांधलेली. वाक्य असं संपतं, 'म्हाताऱ्याने सुरी उचलली आणि'. पान उलटलं की शेजारणीचा फर्मा, 'पावावर चांगलं जाड लोणी फासलं. "मीठ दे गं," तो बहिणीला म्हणाला.' पुढे टोमॅटो, सूप, आणि दोघांची चष्म्याची शोधाशोध. समाप्त! एवढं मोठं जहाज गेलं कुठे?

तुम्हाला वाटेल, पहिल्याच वाचकाने बोंब मारली असेल. छे! अभिजात म्हटलं की लोक पुस्तकावर शंका घेत नाहीत, स्वतःच्या अकलेवर घेतात. कॉलेजातले एक प्राध्यापक तर ग्रंथालयात माझ्यावर तासभर बोलले. "शेवटच्या त्या झेपेबद्दल मी बोलणार नाही. ती अनुभवावी लागते." मी कपाटात हसून हसून सैल झाले.

आता बाकावर काय घडलं ते. चष्मेवाल्याने मला वाचलं, परत केलं आणि हसत हसत बाहेर आला. डॉक्टर वाटच बघत होते.

"काय रे, शेवट कसा वाटला?"

"वा भावोजी, वा! अहो, मला तर एकदम ताईच आठवली."

डॉक्टर चमकले. "ताई आठवली?"

"हुबेहूब ताई! तोंडाला पाणी सुटलं हो माझ्या."

"मी तो शेवट वाचून ढसाढसा रडलो होतो," डॉक्टर थंडपणे म्हणाले.

चष्मेवाल्याचं हसू मावळलं. "रडलात? का? त्यात रडण्यासारखं काय आहे? तुम्हाला ते बघवत नाही की काय?"

"कुणालाच बघवणार नाही ते!"

"असं? मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते!"

"मी काय बोलायचं? आपल्या सख्ख्या बहिणीला तू... त्याच्यात बघतोस! लाज वाटत नाही?"

"कोण शेवट सांगतंय रे तिकडे?" खिडकीतून ग्रंथपालबाई ओरडल्या. "फडकं पाठवू का?"

डॉक्टर रागाने उठले, पाटी आठवली म्हणून पुन्हा बसले, ते नेमके बाकावर ठेवलेल्या स्वतःच्या चष्म्यावर. काडकन आवाज झाला. चष्मेवाल्याने त्या तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तो उठला आणि चालता झाला.

कळलं ना काय झालं? डॉक्टरांच्या डोक्यात वादळ, प्रलय, बुडणारं जहाज. आणि हा म्हणतो त्यात ताई दिसली! म्हणजे माझी बायको काय वादळ आहे? आणि याच्या डोक्यात बहिणीच्या घरी पोटभर जेवणारा भाऊ. ते बघून भावोजींना रडू येतं! म्हणजे आपलं रोजचं जेवण यांच्या डोळ्यांत खुपतंय. दोघांनाही आपलं म्हणणं ताईला सांगायची चोरी. कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या दिवसापासून चष्मेवाला जेवायला येईना. ताई तरी त्याचं ताट मांडायची आणि झाकून ठेवायची. एकदा त्याच्या दुकानात गेली. "काय झालं रे?" तर म्हणे, "तुझ्या नवऱ्याला विचार." नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "तुझ्या भावाला विचार." ताई बिचारी मधल्यामध्ये. मला सांगा, पोरासारखा वाढवलेला भाऊ हाकेच्या अंतरावर राहतो आणि जेवायला येत नाही, या बाईच्या घशाखाली घास कसा उतरायचा? मला फार वाईट वाटायचं. मी कितीही खोडकर असले तरी दगड नाही.

पुढचा तमाशा तर विचारू नका. चष्मेवाला हाताने स्वयंपाक करायला लागला. त्याने भाजलेला पाव म्हणजे कौल! पहिल्याच आठवड्यात दाढ तडकली. गाल हा असा सुजला. पण दातवाल्या भावोजींकडे जाईल तर शपथ. पलीकडच्या गल्लीत दुसरा दातवाला होता की, पण तिथेही जाईना. "माझ्या तोंडात परक्या माणसाचा हात नको," म्हणायचा. भांडणातसुद्धा इमान बघा! इकडे डॉक्टर एका काचेच्या, चिकटपट्टी लावलेल्या चष्म्याने, एक डोळा मिटून लोकांचे दात काढत होते. नवा चष्मा घ्यायचा तर मेहुण्याकडूनच, आणि मेहुण्याकडे जायचं नाही. रोगी खुर्चीत बसायच्या आधी विचारायचे, "डॉक्टर, कुठला काढायचाय ते दिसतंय ना?" आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, ते हेच.

एकदा डॉक्टर गुपचूप ग्रंथालयात आले. मला काढलं, एक डोळा मिटला आणि शेवटच्या पानाकडे निघाले. मी मनात म्हटलं, 'चला, आता सुटलं कोडं!' तेवढ्यात दारातून सुजलेला गाल आत आला. डॉक्टरांनी मला फटकन मिटलं आणि समोरचं वर्तमानपत्र उचललं. तेही उलटं. चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. म्हटलं, मसणात जा दोघेही.

शेवटी सोडवलं ते ताईने. घरात करमेना म्हणून तिने काहीतरी शांत वाचायला मागितलं आणि ग्रंथपालबाईंनी तिला माझी शेजारीण दिली. ताई दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसून रोग्यांचे नंबर लावायची. पुढचं शेजारणीनेच मला सांगितलंय. ताई शेवटाला आली, पान उलटलं आणि किंचाळलीच.

"अगं बाई! स्वयंपाकघरात दोर कुठून आला?"

आतून डॉक्टर म्हणाले, "काय झालं?"

"अहो, बहीण पाव पुढे करते, हा सुरी उचलतो, आणि ऐका, 'एका घावात दोर कापला. होडी सुटली, माणसं सुटली.'"

आतली खुडबूड थांबली. मग डॉक्टरांचा आवाज आला. "'म्हातारा मात्र जहाजावरच उभा राहिला. त्याने टोपी सारखी केली. आणि पाणी वर आलं.'"

"तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही कधी वाचलंत हे?"

"मी हे वाचलंच नाही," डॉक्टर दारात येऊन म्हणाले. "हा शेवट दुसऱ्या पुस्तकाचा आहे. मग त्या पुस्तकाला..."

एवढं बोलून ते तसेच निघाले. मागून ताई, बगलेत शेजारीण. आणि तिच्यामागून तोंडात कापसाचा बोळा घेतलेला रोगी, कारण आता शेवट काय आहे ते त्यालाही कळायला हवं होतं. वाटेत मला ग्रंथालयातून उचललं. ग्रंथपालबाई "सही करा!" म्हणून ओरडत राहिल्या.

चष्म्याच्या दुकानात गालाला फडकं बांधून धनी बसले होते. ताईने आम्हा दोघींना काउंटरवर आदळलं.

"कुठला शेवट वाचलास तू? सांग आधी!"

चष्मेवाल्याने सवयीने दाराकडे बघितलं. "शेवट सांगायचा नाही..."

"मी पुसेन कपाट! बोल!"

"अगं, म्हातारा बहिणीकडे जातो," तो पुटपुटला. "लोणी लावून पाव खातो. एवढं जग फिरून माणूस शेवटी बहिणीकडेच येतो गं. मला फार बरं वाटलं. आणि भावोजींना ते बघवत नाही."

ताईने पदर डोळ्यांना लावला आणि उभी राहिली. डॉक्टरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

"गाढवा," ते ओरडले. "गाढवा, मी वाचलं त्यात तो बुडतो! मला वाटलं, तू माझ्या बायकोला वादळ म्हणतोस."

"वादळच आहे ती," चष्मेवाला म्हणाला, आणि हसायला गेला तर दाढेतून कळ आली.

मग त्याने एक काम केलं. काउंटरखालून ती डोळे तपासायची जड गोल चौकट काढली, डॉक्टरांच्या नाकावर बसवली, आणि एक काच घाल, दुसरी काढ, असं करत राहिला.

"आता दिसतं?"

"धूसर."

"आता?"

"दिसतं रे, दिसतं."

"मग वाचा. मला खरा शेवट ऐकायचाय."

डॉक्टरांनी शेजारणीच्या पोटातला माझा शेवट वाचून दाखवला. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली तेव्हा चष्मेवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दाढेचं की कप्तानाचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कापूसवाला रोगीही हुंदके देत होता, पण त्याचं कारण वेगळं असावं.

डॉक्टरांनी शेजारणीला बाजूला ठेवलं. नाकावरची चौकट तशीच होती, बाह्या वर केल्या.

"आता स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले. "आ कर."

आणि बाळ्याने आ केला. हो, ताई त्याला बाळ्याच म्हणते. त्या संध्याकाळी त्याचं ताट झाकून ठेवावं लागलं नाही. दाढ काढल्यामुळे नुसतं सूप प्यायला, पण ताईच्या हातचं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माझे शेवट कधी सरळ असतात का? आम्हा दोघींना पुन्हा बाइंडरकडे पाठवलं, आणि बातमी फुटल्यावर गावात दोन तट पडले. निम्मे म्हणतात, चूक दुरुस्त करा. निम्मे म्हणतात, खबरदार लोण्याला हात लावाल तर! प्राध्यापक म्हणतात, आपण हे आधीच ओळखलं होतं. बिचारा बाइंडर इतका हादरलाय, की त्याने उस्तादाचा नियम मोडला. या खेपेला आधी वाचायचं आणि मगच शिवायचं, असं ठरवून तो माझं पहिलं पान घेऊन बसला. आणि अडकला की हो! रोज खळ शिजवतो, रोज वाचत बसतो, रोज खळ वाळते. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळतात.

संध्याकाळी मेहुणे-मेहुणे आता बाक सोडून इथेच येतात. आमचे शेवटचे दोन फर्मे बाइंडरच्या दोन हातांना ठेवलेत. नवा चष्मा लावलेले डॉक्टर म्हणतात, "तो बुडलाच पाहिजे. त्याशिवाय मजा नाही." बाळ्या म्हणतो, "अहो, पण पाव गार होतोय त्याचा!" दोघे कडाकडा भांडतात, आणि जेवायची वेळ झाली की एकदम उठतात. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना. मला विचाराल तर मी कुणाच्याच बाजूने नाही. बुडणारा म्हातारा माझा आहे, पण इतक्या दिवसांत तो लोणी-पावही मला गोड लागायला लागलाय.

बाइंडर आता बहुतेक शेवटाशी आलाय. सकाळी त्याने सुरीचं वाक्य वाचलं, 'आणि'पाशी थांबला, चष्मा पुसला आणि जरा चहा पिऊन येतो म्हणून बाहेर गेला. कुठल्या हाताचा फर्मा उचलतो ते आल्यावर कळेल. तुम्ही थांबलात तरी चालेल. पण जाणार असाल, तर निघताना दार तेवढं लोटून घ्या हो. मी अजून सुटी आहे, आणि वारा आत आला, तर या गावात पुन्हा कुणीतरी कुणाकडे जेवायला जायचं बंद होईल.